गाडी चढाला ओढेना

आपाचा फोन नेहमी दुपारी येतो, स्वयंपाकघर आवरल्यावर. गेल्या महिन्यात तो रात्री साडेदहाला आला तेव्हाच वाटलं, काहीतरी बिनसलंय.

"तुझ्या दुलाभाईंची गाडी गेली."

मला वाटलं चोरीला गेली. "तसं नाही रे. मेस्त्री म्हणतोय इंजिन गेलं. साडेआठ हजार सांगितलेत. उद्या गाडी टाकायची म्हणतात हे. बचत गटातून उचल घेऊ का?"

साडेआठ हजार हा आकडा ऐकून मी जरा थांबलो, कारण तेवढेच पैसे घरात होते आणि ते कशासाठी ठेवलेत हे मला ठाऊक होतं. भाची डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या फीचा हप्ता पंधरा दिवसांवर आला होता. आपा गटातून उचल घ्यायचं म्हणत होती ती त्या पैशांना हात लागू नये म्हणून.

दुलाभाई एका बेकरीचा माल पोचवतात. खारी, टोस्ट, बटर, नानकटाई. पहाटे दोन्ही बाजूंना पिशव्या लावून निघायचं, शिवाजी पुलावरून केर्ली, वाघबीळ करत वर पन्हाळ्यापर्यंतच्या चहाच्या गाड्यांना माल द्यायचा आणि दहा-साडेदहाला परत. गाडी २००२ सालची स्प्लेंडर. गेले दोन महिने ती वाघबीळच्या पुढे चढाला दम टाकत होती. आधी चौथ्यातून तिसऱ्यात, मग दुसऱ्यात, आणि शेवटी एका वळणावर त्यांनी उतरून, ॲक्सिलरेटर पिळत, बाजूने चालत गाडी वर नेली. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पिशव्या लावलेली गाडी, आणि मागून पर्यटकांच्या गाड्यांचे हॉर्न. हे त्यांनी आपाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, तेही नंतर.

मी म्हटलं, "आपा, उद्या गाडी टाकू देऊ नकोस. परवा मला सुट्टी आहे. मी येतो."

वाचकहो, या सदरात आपण मिक्सर पाहिला, शिलाई मशीन पाहिलं, पाण्याची मोटर पाहिली. मोटरसायकल टाळत आलो होतो. मी दुचाकीचा मेस्त्री नाही. उद्यमनगरात लेथवर माझी उमर गेली, आणि त्या कामाने एक सवय लावली आहे. नासलेलं काम हातात आलं की आधी मोजायचं, मग खोलायचं. यावेळी ती सवय उपयोगाला आली. थोडी लाजही वाटली, ते पुढे सांगतो.

"गाडी ओढत नाही" या एका वाक्यात तीन वेगळी दुखणी असतात. इंजिन ताकद तयारच करत नाही, हे एक. ताकद तयार होते पण चाकापर्यंत पोचत नाही, हे दुसरं. आणि ताकद पोचते, पण चाकच कशाने तरी अडवलेलं असतं, हे तिसरं. गिऱ्हाईकाला तिन्ही सारखीच वाटतात. पण पहिल्याचा खर्च हजारांत जातो, आणि तिसऱ्याचा कधी कधी चमचाभर ग्रीसमध्ये भागतो. म्हणून तपासणी उलट्या टोकाकडून करायची. चाकाकडून इंजिनाकडे.

ही ९७.२ सीसीची गाडी. ताकद किती? सात-साडेसात अश्वशक्ती. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० फुटांवर आणि पन्हाळा ३,१०० फुटांच्या वर. म्हणजे तेराशे फूट चढायचे, त्यातला मोठा भाग वाघबीळच्या पुढच्या चार-पाच किलोमीटरांत. एवढ्याशा इंजिनाकडे उधळायला काही शिल्लक नसतं. मोठ्या गाडीत ब्रेक थोडा धरून राहिला तर चालवणाऱ्याला कळतही नाही. इथे तेवढ्यानेच एक गिअर खाली यायला लागतं.

अंगणात गाडी मेन स्टँडवर लावली, न्यूट्रल केली आणि मागचं चाक हाताने फिरवलं. चांगलं चाक एका झटक्याला दोन-तीन फेरे सहज मारतं, लायनरचा बारीकसा घासण्याचा आवाज आला तरी हरकत नाही. हे चाक अर्धा फेरा गेलं आणि थांबलं.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?" दुलाभाई म्हणाले. त्यांनी चाक असं कधी फिरवूनच पाहिलं नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय?

चाक काढलं. आत लायनर ढकलणारा जो छोटा दांडा असतो, ज्याला मेस्त्री लोक कॅम म्हणतात, तो गंजून त्याच्या भोकात घट्ट झाला होता. पॅडल दाबलं की ब्रेक लागायचा, पण सोडल्यावर पुरता सुटायचा नाही. घाट उतरताना दुलाभाई मागच्याच ब्रेकवर उतरतात, त्यामुळे ड्रम तापून आतलं ग्रीस केव्हाच जळून गेलं असणार. पॉलिश पेपरने कॅम साफ केला, नखाएवढं ग्रीस लावलं, लायनरला ते लागू नये म्हणून पुसून काढलं. पॅडलला बोट-दीड बोट मोकळीक ठेवली. आता चाक फिरलं. चेनही ताणून वाजत होती, ती दोन-अडीच सेंटिमीटर हलेल इतकी सैल केली. ताणलेली चेन आवाज करत नाही म्हणून लोकांना बरी वाटते, पण ती बेअरिंग खाते आणि ताकदही. टायरमध्ये हवा भरली. ओझं वाहणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकात एकट्या माणसाएवढी हवा ठेवून चालत नाही. गाडीच्या पुस्तिकेत दोन आकडे असतात, एक एकट्यासाठी, एक दोघांसाठी. दुसरा धरायचा.

घरी हीच तपासणी करायची तर आणखी सोपी रीत आहे. दोन-तीन किलोमीटर शक्यतो ब्रेक न दाबता गाडी चालवा, थांबा, आणि मागच्या चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न्या. ब्रेक दाबलाच नाही तर तो तापायचं कारण काय? आधी नुसता जवळ न्या, एकदम टेकवू नका. पुढच्या चाकालाही हेच.

दुलाभाई खूश झाले. पिशव्या भरून आम्ही दोघं केर्लीच्या पुढे गेलो. सपाटीला गाडी छान पळाली. चढ लागला आणि पुन्हा तेच. पण यावेळी मी मागे बसून कान देत होतो. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज झपकन चढायचा आणि गाडी होती त्याच वेगाने सरकत राहायची. चौथ्या गिअरमध्ये जास्त. थांबल्यावर एक वास आला, जळक्या कागदासारखा.

इथे इंजिनाला दोष देता येत नव्हता, ते बिचारं फिरत होतं. ताकद वाटेतच गळत होती. क्लच घसरत होता.

क्लच म्हणजे एकावर एक दाबून ठेवलेल्या चकत्या. स्प्रिंगा त्यांना दाबून धरतात, आपण लिव्हर ओढला की त्या सुटतात. लिव्हर पूर्ण सोडलेला असतानाही केबल थोडी जरी ताणलेली राहिली तर चकत्या कायम अर्धवट सुटलेल्या राहतात. सपाटीला ओझं कमी, म्हणून धकून जातं. चढाला घसरतात, घसरून तापतात, तापून झिजतात. आणि आता लक्ष देऊन वाचा: चकत्या झिजल्या की या गाड्यांमध्ये लिव्हरची मोकळीक वाढत नाही, कमी होते. म्हणजे एकदा केबल जास्त ताणली की दुखणं स्वतःच स्वतःला वाढवत नेतं.

मी लिव्हर पाहिला. टोकाशी एक-दीड सेंटिमीटर मोकळा हलायला हवा. तो केसभरही हलत नव्हता.

"ही केबल कुणी ताणली?"

दुलाभाई रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बकरी ईदला तुम्हीच नव्हता का ताणली? मी म्हटलं होतं, गिअर कडक पडतोय."

होय. मीच. पाहुणे यायच्या आधी पाच मिनिटांत, पाना उसना घेऊन. गिअर त्या दिवशी मऊ पडायला लागला, म्हणून मी छाती फुगवून चहा प्यायलो होतो. मोजलं काहीच नव्हतं.

तिथेच केबल ढिली केली. गाडी लगेच थोडी सुधारली, पण जळलेल्या चकत्या परत नव्या होत नाहीत. चकत्यांचा संच घालावाच लागला, आणि तो मी स्वतः घातला नाही. ओळखीच्या एका दुसऱ्या मेस्त्रीकडून घालून घेतला आणि शेजारी उभा राहिलो. झाकण उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. ऑइल कारसाठीचं घातलेलं होतं, स्वस्त मिळालं म्हणून. या गाड्यांचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती इंजिनाला चांगली पण अशा क्लचला घसरगुंडी. डब्यावर 'जासो एमए' असं छापलेलं ऑइल दुचाकीसाठी असतं. तेवढं वाचून घ्या.

क्लच घसरतोय का हे घरी पाहायचं असेल तर मोकळ्या सपाट जागी गाडीवर बसा, ब्रेक दाबून धरा, तिसरा गिअर टाका, आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय. पूर्ण सोडूनही ते फिरतच राहिलं तर घसरतोय. हा प्रयोग एकदाच करायचा, पुन्हा पुन्हा नाही.

आता इंजिनाकडे. तिथेही खोलण्याआधी बाहेरून विचारायचे प्रश्न आहेत: हवा नीट आत जाते का, पेट्रोल पुरतं येतं का, ठिणगी पडते का, धूर मोकळा बाहेर जातो का.

हवेचा फिल्टर काढला तेव्हा भाची बाजूला उभी होती. ती म्हणाली, "मामू, हा काळाच असतो का?" तो मुळात काळा नव्हता. फोमचा फिल्टर असेल तर रॉकेलमध्ये धुवा, पिळू नका, नुसता दाबून काढा, वाळवा, इंजिन ऑइल लावून जादा ऑइल दाबून काढा. कागदी असेल तर धुवायचा नसतो, बदलायचा. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे जी धूळ असते ती पाहता पुस्तिकेत लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यालाच फिल्टर पाहावा, असं माझं मत. फिल्टरशिवाय गाडी चालवून "आता कशी पळते" म्हणणारे भेटतात. ती धूळ सिलिंडरला कानशीसारखी घासत असते.

पेट्रोलसाठी सगळ्यात स्वस्त चाचणी: गाडी दम टाकायला लागली की थांबून टाकीचं झाकण उघडा, 'फस्' आवाज येतो का ऐका, परत बंद करून चालवा. थोडा वेळ चांगली चालली आणि पुन्हा तेच झालं तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. अशा दुखण्यासाठी कार्बोरेटर दोनदा खोललेले लोक मला माहीत आहेत. दुसरी चाचणी, चालत्या गाडीत चोक अर्धा ओढून पाहा. सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, जेटमध्ये कचरा आहे किंवा कार्बोरेटरच्या पुढच्या जोडातून फुकटची हवा आत जातेय. बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त आहे किंवा हवा कमी. पेट्रोलची नळी काढून पाहायची असेल तर उघड्यावर, इंजिन थंड असताना, आणि चूल, बिडी, अगरबत्ती लांब ठेवून.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या त्यांनी टाकीत आतून बॅटरी मारून पाहावी. गंजाची पूड उतरत राहते आणि पेट्रोलच्या कॉकमधली जाळी गच्च करते. कार्बोरेटरच्या वाटीला खाली एक छोटा स्क्रू असतो, तो सैल करून पारदर्शक बाटलीत थोडं पेट्रोल काढलं की पाणी तळाला वेगळं दिसतं.

हल्ली कुठलीही गाडी ओढली नाही की लोक म्हणतात, "इथेनॉलमुळे." आपल्या जिल्ह्यात हे बोलणं जरा गमतीचं वाटतं, कारण आपल्याच उसातलं इथेनॉल फिरून आपल्याच टाकीत येतं. त्यात तथ्य आहे, पण किती ते बघा. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलं तर लिटरमागे सहा-सात टक्के घट. सरासरीत फरक पडेल, कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत मिश्रण थोडं हलकं होईल, जुन्या रबरी नळ्या फुगतील किंवा तडकतील, आणि हे पेट्रोल पाणी ओढून घेतं म्हणून महिनोन्महिने उभ्या गाडीत ते ठेवू नये. एवढं खरं. पण कालपर्यंत चौथ्यात चढणारी गाडी दुसऱ्यातही चढेना, तर तो दोष इथेनॉलच्या माथी मारून गप्प बसू नका.

प्लग काढून रंग पाहिला. फिक्या विटकरी रंगाचा असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओला, तेलकट काळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा फटक म्हणजे पेट्रोल कमी आणि इंजिन तापतंय. दुलाभाईंच्या गाडीचा कोरडा काळा होता, फिल्टर पाहिल्यावर तो तसा असणारच होता. नवा घातला.

सायलेन्सरचं दुखणं चार स्ट्रोकच्या गाडीत क्वचित. ज्यांच्या घरी अजून येझदी, राजदूत किंवा आरएक्स १०० आहे त्यांनी मात्र ते आधी पाहावं. त्यांच्या पेट्रोलात ऑइल जळतं आणि त्याची काजळी आतल्या नळीत साचत जाते. अब्बांच्या येझदीचे दोन्ही सायलेन्सर वर्षातून एकदा मोकळे व्हायचे. आतल्या नळ्या काढून ते परसात जाळावर धरायचे, आणि अम्मी वाळत घातलेले कपडे उचलत त्यांच्यावर ओरडायची. गाडी दुसऱ्या दिवशी पोरासारखी पळायची.

एवढं सगळं झाल्यावर जे उरतं ते इंजिनाच्या पोटातलं. इथे टॅपेटबद्दल एक गोष्ट सांगतो. गिऱ्हाईक म्हणतं, "टॅपेटचा आवाज बंद करा." मेस्त्री फट कमी करतो, आवाज जातो, गिऱ्हाईक खूश. पण ती फट गरम झाल्यावर लागणारी जागा असते. ती राहिली नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो, आणि गाडी सकाळी ठीक, तापली की मेलेली. थोडा टकटक करणारा टॅपेट परवडला. फट पट्टीनेच मोजायची, इंजिन थंड असताना, कानाने नव्हे.

आणि रीबोअर. निळा धूर येतोय, ऑइल वरचेवर कमी होतंय, किक हलकी लागतेय, अशा खुणा असतील तर त्याचा विचार. त्याआधी प्लगच्या जागी गेज लावून कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा कमी आला तर त्याच भोकातून चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंगा-सिलिंडरचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा. उद्यमनगरात सिलिंडर बोअर करून देणारे नामी कारागीर आहेत, काम उत्तम होतं, पण ते काम पुन्हा पुन्हा करता येत नाही. प्रत्येक वेळी धातू खरवडून थोडा मोठा पिस्टन घालायचा, साधारण पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी. अशा तीन-चार पायऱ्या संपल्या की सिलिंडरलाच नवं अस्तर किंवा नवा सिलिंडर. म्हणजे गरज नसताना केलेलं रीबोअर पैशांबरोबर गाडीच्या आयुष्यातली एक पायरीही खातं.

दुलाभाईंच्या गाडीचं कॉम्प्रेशन मी ओळखीच्याकडून गेज आणून मोजलं. नव्या गाडीपेक्षा कमी भरलं. ऑइल सोडल्यावर थोडं चढलं. म्हणजे तो पहिला मेस्त्री अगदीच खोटं बोलत नव्हता. रिंगा झिजल्यात. पण धूर नाही, ऑइल महिन्याला बोटभरही उतरत नाही, आणि चढाला जी गाडी मरत होती ती या कारणाने नव्हे. त्याचा दोष इतकाच की त्याने चाक फिरवून पाहिलं नाही. आणि दुलाभाईंनी त्याला सांगितलं तरी काय होतं? "गाडी ओढत नाही, बघा जरा, मला लगेच जायचंय." यातून त्याने काय ओळखावं? निदान कुठल्या गिअरला, चढाला की सपाटीला, थंड असताना की तापल्यावर, आवाज चढतो की बसतो, हे चार शब्द तरी सांगायला हवेत.

चकत्या, मजुरी, फिल्टर, प्लग, ऑइल मिळून खर्च सतराशेच्या आत बसला. त्यातले चकत्यांचे आणि मजुरीचे पैसे मी देऊ केले, कारण ते माझ्या ईदच्या कामाचे होते. आपाने घेतले नाहीत. दुलाभाईंनी घेतले, तिला न सांगता, आणि मला वाटतं तेच बरोबर होतं.

गेल्या आठवड्यात त्यांच्याबरोबर पुन्हा पहाटे वर गेलो. वाघबीळपर्यंत चौथा, पुढे तिसरा, वरच्या दोन वळणांना दुसरा. दोन माणसं आणि पिशव्या, सात-साडेसात घोडे, याहून जास्त मागण्यात अर्थ नाही. दुलाभाईंनी आता डिकीत एक छोटी वही ठेवलीय. त्यात दर रविवारी किलोमीटर आणि ऑइलची पातळी लिहितात. ज्या महिन्यात ती पातळी झपाट्याने उतरायला लागेल त्या महिन्यात रिंगांचं काम काढायचं, असं आमचं ठरलंय. भाचीच्या फीचा हप्ता वेळेत भरला गेला.

पुढच्या महिन्यात शेगडीचा बर्नर. तीन भगिनींनी एकाच तक्रारीचं पत्र पाठवलंय, ज्योत पिवळी का होते.